लॅपटॉप मिटून मॉनिटरवर काम करताना

घोडबंदर रोडच्या वन-बीएचकेत टेबल लहान असेल, तर लॅपटॉप मिटून बाजूला ठेवावा आणि मॉनिटरवर काम करावं. मिटल्यावर तो झोपी जाऊ नये म्हणून विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग 'चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डज' उघडा. 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' निवडा. 'ऑन बॅटरी'ला मात्र 'स्लीप'च राहू द्या. मॅकबुकला मॉनिटरसोबत चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस जोडा.

टाइप-सी केबल लावूनही स्क्रीन काळीच? मॉनिटरला दोष देऊ नका. काही टाइप-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात, त्यातून चित्र बाहेर पडतच नाही. सरळ एचडीएमआय वापरा. 4के मॉनिटरवर माउस अडखळत असेल तर रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करते) बघा: जुन्या एचडीएमआय 1.4 वर तो 30 हर्ट्झलाच अडकतो.

बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा बिजागरीजवळून निघते. उभ्या स्टँडमध्ये ती बाजू वर ठेवा.

आणि हे विसरूच नका: ऐरोलीची लोकल गाठायच्या घाईत मिटलेला लॅपटॉप तसाच बॅगेत कोंबू नका. आत तो जागाच राहू शकतो, तापतो, बॅटरी संपवतो. आधी शटडाउन करा, दिवा विझू द्या, मग केबल काढा.