पावसाळ्यानंतर गेमच्या जुन्या कॅसेट चालू करताना

मुंबईच्या दमट हवेत कॅसेट चालेनाशी झाली म्हणजे ती मेलीच असं नाही. बहुतेकदा पिनांवर काळपट थर चढलेला असतो. आधी फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि गंज वाढतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. ७० टक्केवालं नको, त्यात पाणी फार. कापसाची काडी त्यात बुडवून निथळवा आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं की धागे अडकतात. काडी काळी होते तोवर नवी घेत राहा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच कॅसेट लावा. तरी डाग राहिलाच तर पांढरा खोडरबर, तोही हलक्या हाताने. पॉलिश पेपर अजिबात नको, पिनांवरचा मुलामा निघून जातो.

सुपर निन्टेंडो या कन्सोलची कॅसेट उघडायला स्क्रूड्रायव्हरचा ३.८ मिमीचा खास बिट लागतो. सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, टिकत नसेल तर आतला सेल संपलाय, बहुधा नाण्यासारखा चपटा सीआर२०३२. सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या जोडलेलाच नवा घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तो तापून फुटू शकतो. जुनं सेव्ह मात्र जाणार.

चोर बाजारात जपानी कन्सोल मिळाला तर अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. १०० व्होल्टवाला आपल्या २३० व्होल्टवर लावलात की गेलाच. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या पहिल्या मॉडेलला अडॅप्टरच्या प्लगची मधली बाजू निगेटिव्ह, दुसऱ्याला पॉझिटिव्ह.