महापौरांच्या सार्वजनिक कार्यक्रमांची तयारी

पदभार घेतला की पहिल्या सत्काराला जाण्याआधी महापौर कार्यालयात एक कागद तयार हवा. आपल्या शहराच्या कायद्यानुसार महापौरांना अधिकार कोणते आणि केवळ मान कोणता, हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं असावं. प्रत्येक शहराची रचना वेगळी असते. लंडनमध्ये तर एकाच वेळी दोन महापौर असतात. 'सिटी' म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागाचे लॉर्ड मेयर दरवर्षी बदलतात, आणि त्यांचं बरंचसं काम प्रतिनिधित्वाचं आणि समारंभाचं असतं. २००० पासून थेट निवडून येणारे लंडनचे मेयर मात्र वाहतूक आणि नियोजनासारखा कारभार पाहतात. आपल्याकडे सभेचं अध्यक्षपद आहे का, खर्च मंजूर करता येतो का, प्रशासनाला थेट आदेश देता येतो का, हे पाठ असलं पाहिजे. कारण व्यासपीठावर माइक हातात आला की लोक मागणी करतात आणि मागणीला उत्तर द्यावं लागतं. जे अधिकारात नाही त्याचं आश्वासन दिलं तर पदाची पत जाते, आणि ती पुढच्या महापौरांनाही परत मिळवता येत नाही.

त्यानंतर निमंत्रणांची नोंदवही उघडा. प्रत्येक निमंत्रणापुढे आयोजक कोण, खर्च कोणाचा, व्यासपीठावर आणखी कोण, आणि महापौरांकडून नेमकं काय हवंय (उद्घाटन, भाषण की नुसती उपस्थिती) हे लिहा. आयोजकांचा एखादा ठेका, परवानगी किंवा तंटा पालिकेपुढे प्रलंबित आहे का, हे संबंधित खात्याला विचारल्याशिवाय होकार देऊ नका. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर तारीख तपासून मगच पुढे जा. महिन्याच्या शेवटी शहराचा नकाशा समोर घेऊन महापौर कुठल्या भागात गेले आणि कुठल्या भागात फिरकलेच नाहीत ते पाहा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण निमंत्रणं येतात ती ज्यांना पत्र लिहायची आणि ओळख काढायची सवय आहे त्यांच्याकडूनच. रात्रपाळीच्या सफाई कामगारांकडून किंवा शहराच्या टोकाच्या शाळेकडून छापील पत्रिका येत नाही. तिथे आपणहून विचारावं लागतं. नकार द्यायचा असेल तर तो लवकर आणि लेखी द्या. उपमहापौर जाणार असतील तर आयोजकांना आधी कळवा, म्हणजे त्यांचं स्वागत पर्यायी पाहुणा म्हणून होणार नाही.

कार्यक्रम पक्का झाला की एका पानाची टिपणी करा, एकाच पानाची. पोहोचायची आणि निघायची वेळ, कोणत्या दाराने जायचं, दारात कोण भेटणार, कोणाशेजारी बसायचं, कोणानंतर बोलायचं, संस्थेचं काम थोडक्यात, आणि पालिकेकडे त्यांचं काही अडलेलं असेल तर त्याची सद्यस्थिती. नावांचे उच्चार फोन करून विचारा आणि ऐकू येतात तसे लिहा. ज्या व्यक्तीचा सत्कार आहे तिला बहुधा आयुष्यात एकदाच शहराच्या प्रथम नागरिकाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मिळणार असतं. ते चुकलं तर मानपत्र कितीही सुंदर छापलेलं असलं तरी उपयोग नाही.

भाषणाची तयारी प्रसंग पाहून ठरते. संस्थेच्या वर्धापनदिनाला मोजकी मिनिटं पुरतात. संस्थेने केलेल्या एका कामाचा तपशीलवार उल्लेख आला की लोकांना कळतं, महापौर वाचून आले आहेत. अक्षर मोठं, ओळी सुट्या, पानांना क्रमांक, आणि एक प्रत सहायकाच्या खिशात. मात्र काही भाषणं अशी असतात की त्यांतून शहरच बोलत असतं. हिरोशिमाचे महापौर दरवर्षी ६ ऑगस्टला शांतिघोषणा वाचतात. तिची सुरुवात १९४७ मध्ये झाली, आणि अलीकडच्या घोषणांत बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांचे अनुभवही येतात. आपल्या शहराच्या वाट्याला असा स्मृतिदिन असेल तर मसुदा कार्यालयात बसून लिहू नका. ज्यांनी भोगलं त्यांना भेटा, त्यांच्या परवानगीने त्यांचे शब्द घ्या, आणि अंतिम प्रत त्यांना आधी दाखवा.

आदल्या दिवशी जागेची पाहणी करा. पायऱ्यांना कठडा आहे का, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, माइकची उंची कोण बदलणार, पाहुणे सावलीत आणि मुलं उन्हात अशी बैठक तर नाही ना? असेल तर ती बदलून घ्या, आणि बदलता येत नसेल तर कार्यक्रमाची वेळ बदला. अनावरण असेल तर पडद्याची दोरी स्वतः ओढून पाहा. फीत कापायची असेल तर कापड कापणारी धारदार कात्री आणि शिवाय एक जादा कात्री ठेवा. कोनशिलेवरचा मजकूर कोरण्याआधी दोघांनी वाचावा, आणि त्यातला एक जण तो लिहिणारा नसावा. आसनक्रमावरून रुसवे होतातच, म्हणून राजशिष्टाचाराचा क्रम लेखी ठेवा आणि तो सगळ्यांना सारखा लावा.

पुष्पचक्र वाहण्याचा प्रसंग जेमतेम मिनिटाचा असतो, तरी त्याची रंगीत तालीम हवीच. पुष्पचक्र जड असतं. एकट्याने पेलणार नसेल तर दोघांनी ते पुढे नेऊन ठेवायचं आणि महापौरांनी हात लावून, फीत सरळ करून अर्पण करायचं, हे आधी ठरवा. फितीवरचा मजकूर समोरून वाचता आला पाहिजे. ठेवून झालं की दोन पावलं मागे, मग मान झुकवून स्तब्धता, आणि ती संपल्याची खूण कोण देणार हेही ठरलेलं असावं. छायाचित्रकारांची जागा बाजूला आखून द्या. मृतांचे नातेवाईक पहिल्या रांगेत, पदाधिकारी त्यांच्या मागे. माझ्या मते यात तडजोड करू नये.

काही देशांत महापौरांचं समारंभी काम कायदेशीरही असतं. फ्रान्समध्ये नागरी विवाह महापौर किंवा त्यांचे सहायक लावतात. खांद्यावरून तिरंगी पट्टा घालतात, नागरी संहितेतली पती-पत्नीच्या हक्क-कर्तव्यांची कलमं वाचून दाखवतात, आणि विवाह जाहीर असावा म्हणून सभागृहाची दारं उघडी ठेवतात. अशा कामात नाव, जन्मतारीख आणि साक्षीदार कागदाशी ताडून पाहणं हीच खरी तयारी. पदाची साखळी, पट्टा किंवा दंड (पदाचं चिन्ह असलेली काठी) आपल्याकडे असेल तर तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही, याचा नियम करून ठेवा. पक्षाच्या मेळाव्यात आणि दुकानाच्या उद्घाटनात तो नको.

बाहेरच्या शहरातून शिष्टमंडळ येणार असेल तर ध्वज उलटा लागत नाही ना, राष्ट्रगीताची ध्वनिफीत योग्य आहे ना, दुभाष्या आधी भेटून गेला का, हे पाहा. जर्मनीतल्या शहरांत मान्यवर पाहुणे शहराच्या 'सुवर्णग्रंथा'त सही करतात. आपल्याकडे अशी वही असेल तर त्या पानावर नाव आणि तारीख आधीच सुंदर अक्षरात लिहवून घ्या, आणि पेन चालतं का ते त्याच कागदाच्या तुकड्यावर पाहा. भेटवस्तू महाग असायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ८०० हून अधिक स्त्रियांनी आपली नावं भरतकामाने काढलेलं टेबलावरचं कापड लढाईत उद्ध्वस्त झालेल्या सोव्हिएत शहराला, स्टालिनग्राडला, पाठवलं. कॉव्हेंट्रीवरही बॉम्ब पडले होते. १९४४ मध्ये ही दोन शहरं एकमेकांशी जोडली गेली. आपली भेट शहरातल्या कुणाच्या हातची आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आलेल्या भेटींची नोंद त्याच दिवशी करा, कारण त्या पदाला मिळालेल्या असतात.

आपत्तीची यादी मात्र शांत काळातच करून ठेवा. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश कोण देऊ शकतं ते लिहून ठेवा. ध्वज आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा, आणि संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा वर न्यायचा, हे ध्वज हाताळणाऱ्या माणसाने करून पाहिलेलं असावं. शोकवही, टेबल आणि खोली ठरलेली हवी. मृतांचा आकडा आणि नावं अधिकृत यंत्रणेकडूनच घ्यायची, आणि घरच्यांना कळण्याआधी एकही नाव उच्चारायचं नाही. रुग्णालयात जायचं तर डॉक्टरांना विचारून, कॅमेऱ्याशिवाय आणि दोघांहून अधिक माणसं बरोबर न नेता. घरी सांत्वनाला जाताना बसायला वेळ काढून जा. लोकांपर्यंत पोहोचायचा नेहमीचा मार्ग बंद पडला तर दुसरा कोणता, हेही ठरवा. १९४५ मध्ये वर्तमानपत्रं पोहोचवणाऱ्यांच्या संपामुळे न्यू यॉर्कमध्ये अंक मिळेनासे झाले, तेव्हा महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी रेडिओवरून मुलांना चित्रकथा वाचून दाखवल्या. अडचणीच्या दिवसांत मुलांची आठवण ठेवणारा महापौर लोकांना आपला वाटतो.

प्रत्यक्ष दिवशी वेळेवर पोहोचा. रांगेत उभी राहिलेली मुलं, तास बुडवून आलेले शिक्षक, सुट्टी काढून आलेले पालक या सगळ्यांचा वेळ महापौरांच्या हातात असतो. कार्यक्रम संपल्यावर लगेच गाडीकडे न वळता काही मिनिटं तिथेच थांबा. मंचावर न आलेली माणसं तेव्हाच बोलतात. सहायकाने वही घेऊन शेजारी उभं राहावं आणि कोणी काय सांगितलं, त्याचा पत्ता-फोन काय, महापौरांनी काय शब्द दिला, हे तिथल्या तिथे टिपावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान संबंधित खात्याकडे जावं, आणि उत्तर आलं की, ते नकाराचं असलं तरी, त्या माणसाला कळवावं. आयोजकांना, पोलिसांना आणि खुर्च्या मांडणाऱ्यांना आभाराचं पत्र त्याच आठवड्यात जावं.

मुदत संपत आली की पदाची साखळी, भेटींची नोंदवही, सह्यांची वही आणि न पाळल्या गेलेल्या शब्दांची यादी नव्या महापौरांच्या हाती सही घेऊन सोपवावी. त्या शेवटच्या यादीत एकही नोंद गाळू नये.