काळजी घेण्याचं कर्तव्य कसं सिद्ध करायचं

ज्युनिअर निष्काळजीपणाच्या दाव्याचा मसुदा आणतात, तेव्हा पहिलं पान नुकसानीनंच भरलेलं असतं. मी ते बाजूला ठेवायला लावते. आधी नातं लिहा.

डॉक्टर-रुग्ण, चालक-पादचारी, मालक-कामगार असेल तर कर्तव्य ठरलेलंच आहे. जुना निवाडा दाखवा, पुढे चला. इथे कॅपारो खटल्यातल्या तीन कसोट्या (नुकसान आधी कळण्याजोगं होतं का, नातं पुरेसं जवळचं आहे का, कर्तव्य लादणं न्याय्य आहे का) उगाळत बसू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या रॉबिन्सन खटल्यात हेच बजावलं.

नातं नवं असेल तर खरी मेहनत. सर्वांत जवळचा निवाडा शोधा आणि आपली तथ्यं त्याच्याशी ताडून बघा. १९३२ च्या डोनोह्यू खटल्यात तक्रार होती जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची; बिअरचे पैसे दुसऱ्यानंच दिले होते, म्हणजे वादीचा करार कुणाशीच नव्हता. पण बाटली गडद काचेची, पिणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही, आणि उत्पादकाला याची कल्पना असायलाच हवी. म्हणून करार नसतानाही उत्पादकावर कर्तव्य आलं.

मसुद्यात असे तपशील हवेत. ‘प्रतिवादीला कळायला हवं होतं’ हे मोघम वाक्य मी सरळ खोडते. काय कळायला हवं होतं, कधी, कुठल्या पत्रावरून?

नुसतं आर्थिक नुकसान असेल तर प्रकरण जड जातं. वादी नेमक्या त्याच व्यवहारासाठी प्रतिवादीच्या शब्दावर विसंबेल, हे प्रतिवादीला ठाऊक होतं असा कागद शोधा.