भिंतीला ओल, कपाटात बुरशी: या चुका टाळा

भिंतीवर काळे ठिपके दिसले की आपल्याकडे पहिला फोन पेंटरला जातो, आणि चूक तिथूनच सुरू होते. पेंटर येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वरून डॅम्पप्रूफचा एक हात मारतो, दिवाळीला भिंत एकदम छान दिसते आणि पुढच्या जुलैत बरोब्बर त्याच जागी रंग पुन्हा फुगतो. पाणी येतंय कुठून हे कुणी बघितलेलंच नसतं. बुरशी तर नंतर येते हो, आधी ओल येते, आणि ओल बंद केल्याशिवाय केलेला सगळा खर्च वाया जातो.

तर आधी ओल कुठली ते ओळखा. पावसाची झड बसणारी भिंत असेल आणि ओल पावसाबरोबर वाढत-कमी होत असेल तर बाहेरच्या प्लास्टरला भेगा असणार, नाहीतर खिडकीच्या चौकटीभोवतीचं सील गेलेलं असणार. मे महिन्यातपण डाग ओलाच राहत असेल तर पाऊस सोडा, बाथरूम, नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा भाग) किंवा भिंतीतली पाइपलाइन बघा. तळमजल्यावर किंवा गावच्या जुन्या घरात जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल दिसते, ती खालून चढलेली असते. आणि एसीच्या खोलीत कोपऱ्यात, कपाटामागे, गादीखाली बुरशी असेल तर बहुतेक वेळा ते खोलीतल्या हवेचंच पाणी असतं.

शंका असेल तर एक साधी टेस्ट आहे. अॅल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर हवेतलं बाष्प, भिंतीकडच्या बाजूला आलं तर ओल भिंतीतून येतेय. तसंच पांढरं काही दिसलं की लगेच बुरशी समजू नका, त्यावर पाण्याचा थेंब टाका, विरघळून गेलं तर ते भिंतीतून बाहेर आलेलं मीठ आहे.

आता सगळ्यात कॉमन चूक. "हवा खेळती पाहिजे" म्हणून भर जुलैत दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या. हवा खेळती पाहिजे हे खरंच, पण बाहेरच्या हवेत 85-90 टक्के आर्द्रता असेल तर ती आत घेऊन घर वाळणार कसं? मुंबईत जुलैमध्ये हवेत इतकं बाष्प असतं की साधारण 25 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही गोष्टीला घाम फुटतो, मग ती पाण्याची बाटली असो की भिंत. म्हणून एसी 18 वर लावून झोपायचं आणि सकाळी उठल्या उठल्या खिडक्या सताड उघडायच्या हे फार वाईट, गार झालेल्या भिंतींवर, आरशांवर, कपाटाच्या दारांवर ती दमट हवा जाऊन बसते. कधी कधी बुरशी एसीच्या खोलीत येतच नाही, मधली भिंत गार झालेली असते आणि तिच्या पलीकडे, शेजारच्या खोलीत येते, आणि घरचे लोक लीकेज शोधत बसतात. एसी 25-26 वर ठेवा, पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, आणि बंद केल्यावर खोलीला जरा नॉर्मलला येऊ द्या, मग खिडकी उघडा.

पुण्या-नाशिककडे आणखी वेगळं असतं. एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी, ऑगस्टमध्ये दमट, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा, मग सगळं बंद करून गीझरच्या पाण्याने आंघोळी, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि ती सगळी वाफ बाहेरच्या गार भिंतीवर. म्हणजे थंडीत कोरड्या दुपारी खिडक्या उघडायला हव्यात तेव्हा आपण बंद ठेवतो आणि पावसात उलटं करतो. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. घरात 60 टक्क्यांच्या खाली आकडा राहिला तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही, सतत 70-80 च्या वर राहिला तर कपड्यांवर, चामड्याच्या बॅगांवर, पुस्तकांवर बुरा धरतोच.

बेडरूममध्ये दोऱ्या बांधून फॅनखाली कपडे वाळवणं, हे पावसाळ्यात घरोघरी चालतं, पर्याय नसतो हे मान्य. पण मशीनमधून पिळून काढलेल्या एका लोडमध्येसुद्धा साधारण 2 लिटर पाणी असतं, फॅन ते कपड्यातून काढून हवेत टाकतो, घराबाहेर नाही टाकत. एकच खोली ठरवा, दार लावा, एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि त्या खोलीत कुणी झोपू नका. दम्याचा त्रास असलेलं माणूस किंवा लहान मूल घरात असेल तर हे मनावर घ्याच, दमट आणि बुरशीच्या घरात श्वासाचे त्रास वाढतात हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलंय.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच सोडा. डांबरगोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, फक्त खाली साठलेलं पाणी वेळेवर ओता, सांडलं तर कपडे आणि चामडं खराब होतं.

साफसफाईत दोन गोष्टी जीव लावून सांगते. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बारीक कण, खोलीभर उडतात. एन-95 मास्क लावा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि ती जागा पूर्ण वाळवा. आणि ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरच्या अॅसिडबरोबर वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. तसंही ब्लीच टाइल्सवर चांगलं काम करतं, प्लास्टरच्या आत मुरलेल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. प्लायवूड, जिप्सम, गादी आतपर्यंत काळी पडली असेल तर पुसत बसू नका, काढून टाका.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. जांभा पाणी पितो आणि परत सोडतो, चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडायचं. आता लोक त्यावर सिमेंट आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट लावतात, पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, मग रंगाचे फुगे येतात. अशा भिंतीला चुनाच बरा. आणि पन्हाळी फुटली असेल, पागोळ्या थेट जोत्यावर पडत असतील तर आधी ते दुरुस्त करा.

टायमिंगचंही बघा. वॉटरप्रूफिंगचं काम भिंती कोरड्या असताना, म्हणजे मार्च ते मे. रंगकाम पावसाळा संपल्यावर भिंत पूर्ण वाळली की, दिवाळीची घाई असेल तरी ओल्या भिंतीवर नको.

सोसायटीत असाल तर कुणी काय करायचं हे माहीत असू द्या. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा कॉमन पाइपमधून येणाऱ्या पाण्याची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीची आहे, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर त्या सभासदाची. भांडणाआधी फॉइल टेस्टचे आणि डागांचे तारखेसकट फोटो काढा, लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि हे फेब्रुवारीतच करा, कारण मे महिन्यात चांगला वॉटरप्रूफिंगवाला मिळत नाही.