कॉम्पॅक्ट की मिररलेस? आधी दुसऱ्या लेन्सचं ठरवा

दुकानाच्या काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी ठेवलेले असतात. एक खिशात मावणारा, लेन्स कायमची जोडलेला कॉम्पॅक्ट, दुसरा किट लेन्स (म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) लावलेला सुरुवातीच्या श्रेणीतला मिररलेस, ज्याची लेन्स बदलता येते. किमतीत फारसा फरक नसतो, कधीकधी तर कॉम्पॅक्टच महाग निघतो. साहजिकच 'तेवढ्याच पैशांत मोठा मिळतोय' म्हणून मिररलेस घरी येतो. वर्षभरानं बघावं तर त्याच्यावर तीच किट लेन्स असते आणि कॅमेरा बहुतेक वेळ कपाटात. हा सौदा तोट्याचा का, ते खालच्या आकडेमोडीत दिसेल. दुकानात जायच्या आधी घरी बसून एक तास द्या.

पायरी १: मोबाइलमधले फसलेले फोटो मोजा

गेल्या वर्षभरातले, मनासारखे न आलेले तीसेक फोटो बाजूला काढा. प्रत्येकासमोर एकच शब्द लिहा: अंधार, अंतर किंवा हालचाल. ठाण्याच्या तलावपाळीवरच्या संध्याकाळच्या फोटोत चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत, तो अंधार. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी ठिपके झालेत, ते अंतर. टेंभी नाक्यावरच्या हंडीत वरचा गोविंदा पुसट आलाय, ती हालचाल. कोणता ढीग मोठा आहे ते पाहा.

तीस फोटो जमलेच नाहीत, किंवा फोटो फक्त मोबाइलवरच बघायचे असतील, तर कॅमेरा घेऊ नका. चांगल्या उजेडात मोबाइल पुरेसा आहे.

पायरी २: सेन्सरचा आकार तपासा, मेगापिक्सेल सोडून द्या

डब्यावर मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेल असतात. सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार बारीक अक्षरांत असतो आणि कामाचा तोच. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची सेन्सर येतो, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. 'एक इंची' म्हणतात त्याचं ११६. हा इंच नावापुरताच, प्रत्यक्षात सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमी असतो. सुरुवातीच्या मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर कॅननमध्ये सुमारे ३३२, तर सोनी आणि निकॉनमध्ये साधारण ३६६ चौरस मिमी.

१/२.३ इंचीवाल्याला इथेच बाद करा. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यातही आता त्याहून मोठा सेन्सर असतो. अपवाद दोनच: भर उन्हात लांबचा झूम हवा असेल, किंवा पावसात बिनधास्त भिजवता येईल असा ओएम सिस्टिम टीजी-७ सारखा जलरोधक कॅमेरा हवा असेल. येऊरच्या पायवाटांवर जुलैत फिरणाऱ्यांनी टीजी-७ चा विचार जरूर करावा. तो १५ मीटर खोल पाण्यातही चालतो.

म्हणजे खरी लढत एक इंची कॉम्पॅक्ट आणि एपीएस-सी मिररलेस यांच्यात.

पायरी ३: उजेडाचा हिशेब

आकड्यांवर कोणी सहसा बोलत नाही ते इथे. कॅनन जी७एक्स मार्क ३ हा एक इंची कॉम्पॅक्ट घेऊ. त्याची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४-१०० मिमी (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि एफ १.८ ते २.८ (आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, प्रकाश जास्त). समोर कॅननचाच ईओएस आर५०, सोबत येणाऱ्या १८-४५ मिमी किट लेन्ससह. ही लेन्स एफ ४.५ ते ६.३.

तलावपाळीवर दिवे लागलेत आणि दोघांचंही शटर १/६० सेकंदावर आहे असं धरू. झूम अजिबात न करता कॉम्पॅक्ट एफ १.८ वर समजा आयएसओ (उजेड वाढवून घेण्याचा आकडा, जास्त तितका फोटो रवाळ) ८०० मागतो. किट लेन्स एफ ४.५ च्या पुढे उघडतच नाही. ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच, अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणजे मिररलेसला तेवढ्याच उजेडात आयएसओ ५००० लागेल. त्याचा सेन्सर क्षेत्रफळानं २.९ पट मोठा आहे, ती सवलत द्या. तरी कॉम्पॅक्ट दुपटीहून थोडा जास्तच प्रकाश गोळा करतो. पूर्ण झूमवरही तोच पुढे राहतो, आणि त्याचा झूमही जास्त लांब.

थोडक्यात, अशी एफ १.८ ची लेन्स असलेला एक इंची कॉम्पॅक्ट किट लेन्सवाल्या मिररलेसला अंधारात मागे टाकतो. मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा मंद, म्हणजे कमी उघडणारी, लेन्स खाऊन टाकते.

आता त्याच आर५० वर ५० मिमी एफ १.८ लेन्स लावा. ही कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक, वजन १६० ग्रॅम. तेवढ्याच झूमवर कॉम्पॅक्ट एफ २.८ ला अडकलेला असतो आणि मिररलेस त्याच्या जवळपास सातपट प्रकाश घेतो. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवरच्या गर्दीत चेहरा स्वच्छ आणि मागचे कंदील विरघळलेले हवे असतील, तर ते इथून येतं. एक सावधगिरी: आर५० च्या बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) हाताची थरथर सावरणारी सोय नाही आणि या लेन्समध्येही नाही, त्यामुळे शटर १/१०० च्या खाली नेलं की हाताच्या थरथरीनं फोटो हलतो.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा. येत्या सहा महिन्यांत मी दुसरी लेन्स घेणार आहे का? उत्तर 'बघू' असेल तर ते 'नाही' धरा आणि कॉम्पॅक्ट घ्या. 'हो' असेल तर त्या लेन्सचे पैसे आजच्याच बजेटात बाजूला काढा. त्यासाठी बॉडी एक पायरी खालची घ्यावी लागली तरी चालेल. मात्र कॅननचा आर१०० बघताना लक्षात ठेवा: त्याची स्क्रीन टचही नाही आणि बाहेर वळतही नाही. मोबाइलला सरावलेल्या हाताला हे रोज खटकतं.

पायरी ४: अंतर मोजा

छोटा रोहित, म्हणजे ठाणे खाडीत जास्त संख्येनं येणारा फ्लेमिंगो, उंचीला साधारण ९० सेंटिमीटर. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे नवी मुंबईतल्या तलावे, नेरूळच्या पाणथळींवर येतात. समजा पक्षी ५० मीटरवर आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल याचं सूत्र सोपं आहे: लेन्सची खरी फोकल लेन्थ (तिचा मिमीतला आकडा) गुणिले उंची, भागिले अंतर. 'खरी' म्हणजे लेन्सच्या काठावर छापलेली, जाहिरातीत सांगितलेली फिल्मच्या हिशेबातली नव्हे.

किट लेन्स ४५ मिमीवर: ०.८ मिमी, फोटोच्या उंचीच्या जेमतेम ५ टक्के. सोनी आरएक्स१०० मार्क ७, ज्याचा झूम फिल्मच्या हिशेबात २०० मिमीपर्यंत जातो, त्याची खरी लेन्थ ७२ मिमी: १.३ मिमी, पण सेन्सर लहान असल्यानं १५ टक्के. आर५० वर ५५-२१० मिमी लेन्स: ३.८ मिमी, म्हणजे पाव फोटो आणि सुमारे हजार पिक्सेल उंचीचा पक्षी. भिंतीवर लावण्याजोगा फोटो इथून सुरू होतो.

पॅनासॉनिक टीझेड९९ सारखा, ७२० मिमीपर्यंत झूम असलेला छोट्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट याच पक्ष्यानं निम्मा फोटो भरतो. ऐकायला भारी वाटतं. पण त्या टोकाला लेन्स एफ ६.४ वर असते आणि इतक्या बारीक पिक्सेलवर प्रकाश पसरून तपशील धुऊन निघतो. सकाळच्या स्वच्छ उन्हात ओळख पटण्यापुरता फोटो मिळतो, पिसं मोजायला मिळत नाहीत. उन्हं चढली की चिखलावरची हवा थरथरू लागते. त्यावर कुठलीच लेन्स उपाय नाही, लवकर पोहोचणं एवढंच.

आणखी एक गोष्ट खाडीकाठीच कळते. एप्रिलच्या उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही, डोळा लावायची खिडकी हवी. जी७एक्स मार्क ३ ला ती नाही, निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० या मिररलेसनाही नाही. आर५० ला आहे. आरएक्स१०० मार्क ७ ला ती दाबून वर येते.

पायरी ५: हालचाल

धावती मुलं, दहीहंडी, स्वागतयात्रेतली लेझीम हा ढीग मोठा असेल तर मिररलेसकडे झुका. आर५० माणसं, प्राणी, पक्षी ओळखून फोकस त्यांच्यावर धरून ठेवतो. कॉम्पॅक्टमध्ये हे काम आरएक्स१०० मार्क ७ चांगलं करतो. जी७एक्स मार्क ३ मात्र फोकस मागेपुढे करून शोधतो आणि तेवढ्यात थर कोसळलेला असतो. मुख्य भाग शटरचाच: १/५०० च्या खाली जाऊ नका.

पायरी ६: घरचा वजनकाटा काढा

आरएक्स१०० मार्क ७ बॅटरीसह ३०२ ग्रॅम, जाडी सुमारे ४३ मिमी. पँटच्या खिशात फुगवटा येतो, जॅकेटच्या किंवा ऑफिसच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सहज जातो. आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, किट लेन्स १३०, ५५-२१० लेन्स २७०. एकूण ७७५ ग्रॅम, शिवाय बॅग. तेवढ्या वजनाची डाळीची पुडी रोजच्या बॅगेत टाकून आठवडाभर ऑफिसला जा. सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास ठाण्याला लोकलमध्ये चढून बघा. चौथ्या दिवशी पुडी घरी राहिली, तर कॅमेराही राहील.

पायरी ७: दुकानात

फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा घराजवळच्या दुकानात, स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा आणि त्यावर फोटो काढून घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. दुकानातल्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर चालू करून १/५०० ला एक फोटो घ्या. आडवे पट्टे दिसू शकतात. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. मेकॅनिकल शटर लावलं किंवा वेग १/१०० अथवा १/५० ठेवला की बहुधा पट्टे जातात. गणपतीच्या आराशीचे व्हिडिओ खराब होतात ते याचमुळे. मेनूत व्हिडिओ पाल (PAL) पद्धतीवर, २५ किंवा ५० फ्रेमला ठेवा.

खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेला स्टिकर हवा. कॅमेऱ्याच्या तळाचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. 'बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल' याचा अर्थ वॉरंटी नाही असा घ्यायचा. बिलात दुसरी बॅटरी धरा, कारण दोन्ही प्रकारांत एका चार्जवर साधारण अडीचशे ते चारशे फोटो होतात. कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० खूण असलेलं पुरतं. १०० मेगाबिटच्या फोरके व्हिडिओला त्यात सुमारे ८५ मिनिटं बसतात.

वापरलेला घेत असाल तर कॉम्पॅक्टचा झूम दहा वेळा पुढेमागे करा. करकर ऐकू आली किंवा लेन्स अडखळली तर आत धूळ किंवा वाळू गेलीय. किनाऱ्यावर फिरून आलेल्या कॉम्पॅक्टचा हा नेहमीचा आजार, आणि दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या उरलेल्या किमतीला टेकतो. मग लहान छिद्रावर, म्हणजे कॉम्पॅक्टला एफ ११ आणि मिररलेसला एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. काळे डाग ही सेन्सरवरची धूळ. मिररलेसमध्ये ती रबरी ब्लोअरनं उडते. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब चिकटतात. कॉम्पॅक्टमध्ये त्यासाठी अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

मिररलेसची लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कॉम्पॅक्टला टॉर्च पुढूनच, तिरका मारावा लागतो. झूम पूर्ण बाहेर काढून बघा.

पायरी ८: पहिला पावसाळा

ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे उतरत नाही. ती ६० टक्क्यांवर टिकली की लेन्समध्ये बुरशी धरू लागते. कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवणं सर्वांत वाईट, बॅगच ओल धरून बसते.

रबरी कडा असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या २०० ते २५० ग्रॅमच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, ग्रीस आणि रबर सुकतं. जेल केशरी रंगाचं घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नकोच. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

इथे मिररलेसला एक फायदा आहे. बुरशी एका लेन्सला धरली तर तेवढीच लेन्स साफ करायला जाते, कॉम्पॅक्टचा अख्खा कॅमेरा जातो. उलट, पाऊस उघडल्यावर चालत्या रिक्षात लेन्स बदलायचा मोह मिररलेसवाल्यालाच होतो.

एसी लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. गार काचेवर फलाटावरची दमट हवा बसून ती धुरकट होते, आणि पुसली तर पुन्हा धुरकटते. बॅगेची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात तलावपाळीपर्यंत चालत पोहोचता.