पेठेतल्या बालवाडीत ‘आपला परिसर’ शिकवताना

बालवाडीत नव्यानं रुजू झालेल्या ताईंना ‘आपला परिसर’ हा विषय सोपा वाटतो. भिंतीवर तक्ता असतोच. पोस्ट, दवाखाना, पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र. बोट ठेवायचं, नाव म्हणून घ्यायचं. मोठ्या शिशूतली मुलं आठवड्याभरात सगळं घडाघडा म्हणतात. पण तक्त्यातलं पोस्ट म्हणजे बाग असलेली ऐसपैस बैठी इमारत, आणि पुण्याच्या पेठांमध्ये पोस्ट काय, दवाखाना काय, दुकानांच्या रांगेत तळमजल्यावर सापडतो. तक्ता पाठ असलेलं मूल रोज त्याच दारावरून जातं आणि त्याला ते ओळखता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, एकच ठिकाण निवडा आणि तिथं पुन्हा पुन्हा न्या.

आमच्यासाठी ते ठिकाण महात्मा फुले मंडई. 1886 साली ती सुरू झाली, मधला मनोरा आठ कोनी आहे, ही माहिती तुमच्यापाशी असू द्या. चार वर्षांच्या मुलाला ती लगेच नको असते. त्याला दिसतात पाट्या, पोती आणि माणसांचे पाय. आधी एकट्या जा, मुलांना न्यायचं त्याच वेळी, आणि खाली बसून बघा. गिऱ्हाईक कमी कधी असतं ते भाजीवाल्या मावशींना विचारा आणि तीच वेळ ठरवा. धंद्याच्या वेळेत वीस मुलं गाळ्यापुढे उभी करणं त्यांच्यावर अन्याय आहे.

पहिल्या खेपेला फक्त वास, आवाज, रंग. दुसऱ्या खेपेला दोघादोघांच्या जोडीकडे दहा रुपये द्या, मिरची किंवा लिंबं त्यांनाच मागू द्या. ‘हे काय आहे?’ असं विचारत बसू नका, ते त्यांना घरीच कळलेलं असतं. ‘ही भाजी इथं कोणी आणली?’, ‘उरली तर काय करतात?’ असं विचारा. मग मुलं आपणहून विचारू लागतात. ‘मावशी जेवतात कुठं?’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. वर्गात परतल्यावर काटा, रिकाम्या टोपल्या आणि कागदी नोटा मांडून ठेवा. खेळात मूल काय करतं ते पाहिलं, की त्याला काय समजलं ते कळतं. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तू शिकवायला घेतल्या, त्या वाटेनं आजही जाता येतं.

पोस्टासाठी पन्नास पैशांचं पोस्टकार्ड पुरतं. एका बाजूला मुलाचं चित्र, दुसरीकडे त्याच्याच घरचा पत्ता. पिनकोडचे सहा आकडे त्याच्या हातानं गिरवून घ्या, पेटीतही त्यालाच टाकू द्या. कार्ड घरी पोचतं तेव्हा पोस्टमनचं काम वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय स्वतःचा पत्ता पाठ होतो, आणि गर्दीच्या शहरात त्याची गरज खरी आहे.

पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. वार शिकवताना मावशी, आजी, मित्र कुठल्या पेठेत राहतात ते विचारा.

बाहेर पडताना पालकांची लेखी परवानगी, पाच मुलांमागे एक मोठं माणूस आणि सगळ्यांना धरायला एक लांब दोरी, एवढं तरी हवंच. गणेशोत्सवाच्या आसपास मध्यवर्ती पेठांतल्या भेटी ठेवूच नका.

पोलीस चौकीबद्दल मात्र आधी पालकांशी बोला. ‘जेवला नाहीस तर पोलीस पकडून नेतील’ हे वाक्य कितीतरी घरांत सर्रास ऐकू येतं. असं मूल हरवलं तर ज्याच्याकडे धावायचं त्याच्यापासूनच लपेल. पालकसभेत मी हे स्पष्ट सांगते, आणि ते वाक्य घरात बंद करायला सांगते. महिनाभरानं चौकीवर जातो. तिथल्या पोलीस ताई किंवा दादांना आधी भेटून एकच विनंती करते: प्रत्येक मुलाला त्याचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता विचारा, आणि ते सांगेपर्यंत थांबा.