औषधाची जुनी बाटली घेताय? आधी शिवण बघा

मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात निळी बाटली हातात घेतली की समोरून "ब्रिटिशकालीन आहे साहेब" येणारच. येऊ दे. आपण बाटली उजेडात धरायची आणि शिवण शोधायची, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभी रेघ, नखाला लागते. रेघ मानेवरच विरली तर तोंड हाताने घडवलंय, इंग्लंड-अमेरिकेचा माल असेल तर साधारण 1920 च्या आधीचा धरा. रेघ तोंडाच्या कडेवरून पार गेली तर मशीनची, आणि अमेरिकेतल्या मायकेल ओवेन्सचं बाटल्या करायचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीनच मुळात 1903 च्या सुमाराचं. भारतीय बाटलीला मात्र हा हिशोब डोळे झाकून लावू नका, आपल्याकडे तोंडाने फुंकून बाटल्या करणं त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं.

आता तळ. मधोमध काचेचा खरखरीत व्रण दिसला तर बाटली बहुतेक 1870 च्या आधीची, तोंड घडवताना तळाला चिकटवलेली दांडी तोडल्याची ती खूण. पण एका बाजूला सरकलेलं, पिसासारख्या कडेचं गोल वळं असेल तर ते ओवेन्स मशीनचं आहे, आणि तेच दाखवून बाटली दीडशे वर्षांची म्हणून गळ्यात मारतात.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या वयाला कोणी फार विचारत नाही. बिनअक्षरी पांढरी किंवा तपकिरी बाटली ढिगाने मिळते. काचेतच उठावाची अक्षरं हवीत, त्यातही दुकानाचं नाव आणि गाव, मुंबईच्या केम्पसारखा जुना केमिस्ट असेल तर उत्तमच. विषाच्या बाटल्यांना वेगळं गिऱ्हाईक आहे: गडद निळ्या-हिरव्या, सहा कोनी, अंगावर उभ्या धारा, 'नॉट टु बी टेकन' लिहिलेलं, अंधारात चुकून उचलली तर हाताला कळावं म्हणून त्या धारा. आणि दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीवर कंपाउंडर कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा करायचे ना, ती पट्टी शाबूत असलेली मिळाली तर सोडू नका, धुवायला तर अजिबात घेऊ नका! लेबल, पट्टी, मूळ बूच गेलं की निम्मी मजा गेली.

तोंडाची कड बोटाने फिरवून बघा, टवका उडालेला असला की भाव पडतो. आत पांढुरकी झाक असेल तर ती मातीने काच खाल्लेली असते, घासून जात नाही, काही जण तेल फिरवून लपवतात म्हणून आत टिश्यू घालून बघायचा. भडक जांभळ्या रंगाला भुलू नका, जुन्या मँगनीजच्या काचेला उन्हाने फिकट जांभळी छटा येते खरी, पण रेडिएशन देऊनही तो रंग आणतात.

भाव काढताना ऑनलाइन मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. आत औषध उरलं असेल तर हुंगू नका, पारा, अफू, स्ट्रिकनीन काहीही असू शकतं. आणि 100 वर्षांहून जुनी बाटली परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी 1972 चा पुरावस्तू कायदा बघून घ्या, पुरावस्तू ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.